तिसवाडीतील तीन दिवस: तरुण ख्रिस्ती स्त्रियांसाठीच्या एका साधनेचे परीक्षण

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाने नुकताच जोर धरलेला असताना, मी तिसवाडी तालुक्यातील एका साधना-निवासात रिट्रीटसाठी गेले होते. शुक्रवारच्या संध्याकाळी सुरू होऊन रविवारी दुपारच्या जेवणानंतर संपलेली ही साधना एकवीस ते पस्तीस या वयाच्या ख्रिस्ती स्त्रियांसाठी होती आणि तिचा विषय होता ‘समाधान’. निवासाचे नाव मी येथे लिहीत नाही. मला ज्या गोष्टी खटकल्या त्या मी आयोजकांना पत्राने कळवल्या आहेत, त्यांनी त्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, आणि त्यानंतर नावानिशी त्यांचे उणे काढत बसणे मला योग्य वाटत नाही. शिवाय अशा साधना गोव्यात एकाच ठिकाणी होतात असे नाही; ज्यांना जायचे असेल त्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, सूचनाफलकाकडे आणि रविवारच्या मिस्सेनंतरच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेनंतरच्या, सूचनांकडे लक्ष ठेवावे. हे परीक्षण मी मुद्दाम अडीच महिने थांबून लिहीत आहे. साधनेहून परतल्यावर पहिला आठवडा सगळेच उजळ दिसते, आणि त्या उजेडात लिहिलेले दुसऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही.

मी मूळची वसईची, मराठी मिस्सेत वाढलेली. गेली चार वर्षे वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी पदावर काम करते आणि मडगावात दोन मैत्रिणींसह भाड्याने राहते. वय अठ्ठावीस. ईस्टरनंतर पाऊस सुरू होईपर्यंत गोव्यातही आणि आमच्याकडेही लग्नांची दाटी असते. यंदाच्या मे महिन्यात मी तीन लग्नांना गेले. त्यांतले एक माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या मावसबहिणीचे होते. गोव्यातल्या एका मैत्रिणीच्या रोसाच्या दिवशी, म्हणजे लग्नाआधी नवरीला नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात त्या दिवशी, तिच्या काकीने माझ्याही गालाला रस लावला आणि “आतां तुजी पाळी” असे म्हणाली. त्यात प्रेमच होते. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही, आणि रडू लग्न ठरत नाही म्हणून येत आहे, की कंत्राटाला पुन्हा एकदा सहाच महिन्यांची मुदतवाढ मिळाली म्हणून, की केवळ दमल्यामुळे, हे माझे मलाच कळेना. त्याच आठवड्यात मी नाव नोंदवले.

विषयाबद्दल मात्र माझ्या मनात शंका होती. मराठीत मुलीच्या कानावर ‘समाधान’ हा शब्द बहुतेक वेळा आज्ञार्थात पडतो. भावाला पुण्याला शिकायला पाठवले, तुला वसईतले कॉलेज मिळाले, समाधान मान. नोकरी कायम नसली तरी नोकरी आहे ना, समाधान मान. स्थळ थोडे कमी शिकलेले आहे, पण घर चांगले आहे, समाधान मान. या वाक्यातले ‘मान’ हे क्रियापद मला नेहमी टोचत आले आहे, कारण मानायचे ते जे प्रत्यक्षात नाही तेच. असते त्याला मानून घ्यावे लागत नाही. तीन दिवस हेच वाक्य पवित्र शास्त्राच्या आधारासह ऐकावे लागणार असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघून यायचे, असे मी मैत्रिणींना सांगून गेले होते.

शुल्क दोन रात्रींच्या निवासासह आणि सर्व जेवणांसह बावीसशे रुपये होते. ज्यांना तेवढे परवडत नसेल त्यांनी नोंदणीच्या अर्जावर एक ओळ लिहायची आणि जमेल तेवढी रक्कम बंद पाकिटात द्यायची अशी सोय होती, आणि पाकीट कोणाचे हे कोणी पाहत नव्हते. ही व्यवस्था मला फार आवडली. समाधानाविषयी बोलणाऱ्यांनी पैशाचा प्रश्न कसा हाताळला आहे हे आधी पाहावे, असे मला वाटते. मडगावहून कदंबच्या बसने पणजी, तेथून जुन्या गोव्याकडे जाणारी बस आणि शेवटचे वीस मिनिटे पायी, असा प्रवास झाला. स्वतःचे वाहन नसलेल्यांसाठी पावसात ही चाल त्रासाची आहे. निदान संध्याकाळी पाच ते सात या वेळेत थांब्यावर एखादे वाहन ठेवता आले असते.

पोचल्यावर भ्रमणध्वनी कापडी पिशवीत घालून जमा करायचे होते. सक्ती नव्हती, पण का जमा करायचे हे सिस्टरांनी इतके नीट सांगितले की बावीसजणींपैकी एकीनेही मागे ठेवला नाही. घरच्यांना देण्यासाठी निवासाचा दूरध्वनी क्रमांक आधीच कळवलेला होता, आणि जिची आई रुग्णालयात होती तिला दर संध्याकाळी घरी बोलण्याची मोकळीक होती. नियम आणि माणूस यांतले अंतर ज्यांना कळते त्यांच्या हाती आपण आहोत, ही खात्री मला तेथेच पटली.

खोल्या जुन्या, उंच छताच्या, दोघींत एक. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आहेत आणि पावसाळी उजेड त्यांतून दुधासारखा आत येतो. गाद्यांना मात्र ओल लागलेली होती, मच्छरदाण्या सर्वांना पुरल्या नाहीत, आणि आमच्या मजल्यावर अकराजणींना दोनच न्हाणीघरे होती. प्रार्थना सकाळी साडेसहाला असेल तर हे गणित जुळत नाही. जेवण साधे आणि उत्तम होते: सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, किंवा गरम पोई आणि भाजी, दुपारी माशांचे हुमण, किसमूर आणि सोलकढी, शनिवारी रात्री काल्दीन. स्वयंपाक करणाऱ्या दोन बायका जेवणाच्या वेळी आमच्याबरोबर बसत होत्या. मौनाच्या काळातही त्या हसून वाढत असत, आणि ताट रिकामे व्हायच्या आत हुमणाचा डाव पुढे येई. माझ्या आजीची आठवण झाली. तीही लाल लुगड्याचा पदर खोचून असेच न विचारता वाढत असे.

या साधनेचे मोल शनिवारच्या सकाळच्या सत्रात आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. सिस्टर, ज्यांनी अनेक वर्षे शाळेत शिकवले असावे असे त्यांच्या बोलण्यावरून वाटत होते, बायबलमधील, संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय घेऊन बसल्या. आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला आपण शिकलो आहोत, असे पौल तेथे म्हणतो. आजवर मी हे वाक्य उपदेश म्हणूनच ऐकले होते. सिस्टरांनी पहिल्यांदा ‘शिकलो’ या शब्दावर बोट ठेवले. पौलाला हे जन्मतः मिळालेले नव्हते, बाप्तिस्म्याबरोबरही आपोआप आलेले नव्हते. भरलेल्या ताटापुढे आणि उपाशीपोटी, दोन्ही ठिकाणी तो ते शिकत गेला होता. जे शिकावे लागते ते अजून आले नाही म्हणून कोणी अपराधी ठरत नाही, एवढे म्हणून त्या थांबल्या. त्या एका वाक्याने माझ्या खांद्यावरचे किती ओझे उतरले ते मला शब्दांत सांगता येणार नाही, कारण मे महिन्यात मला दुःखाहून जास्त छळत होती ती लाज: प्रार्थना करणारी मुलगी असून मला मत्सर वाटतो ही लाज.

पुढे त्यांनी त्या अध्यायाचा प्रसंग उलगडला. पौल कैदेत आहे, आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे. तिच्या पोचेच्या पत्रात हे वाक्य येते. म्हणजे संतुष्ट असलेला पौल मदत नाकारत नाही, मला कशाची गरज नाही असे सांगून देणाऱ्यांना दूर सारत नाही. तो मदत घेतो, आनंदाने घेतो, आणि आपल्या अडचणीत ते भागीदार झाले याबद्दल त्यांना धन्यवाद देतो. ‘संतुष्ट’ या अर्थाचा जो मूळ ग्रीक शब्द तेथे आहे तो त्या काळचे स्टोइक तत्त्वज्ञ स्वयंपूर्ण माणसासाठी वापरत, कोणावाचून काही न अडणाऱ्या माणसासाठी. पौलाने तोच शब्द घेतला आणि लगेच पुढे आपले सामर्थ्य आपले नसून ख्रिस्ताकडून येते असे लिहून त्याचा अर्थच पालटला. एकट्याने राहणाऱ्या, पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या आणि कोणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून दिवसरात्र दक्ष असणाऱ्या मुलींच्या त्या खोलीत हे विवेचन फार खोल गेले. माझ्या शेजारी बसलेली परिचारिका वहीत काहीही न लिहिता केवळ ऐकत होती.

मग मला वाटत असलेल्या शंकेचे उत्तर, मी न विचारताच, आले. सिस्टरांनी आम्हाला बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडायला सांगितला. त्याच फिलिप्पै नगरात काही वर्षांपूर्वी पौल आणि सीला यांना छड्यांनी मारून तुरुंगात टाकले होते, पायांत खोडे घातले होते, आणि मध्यरात्री ते दोघे देवाची स्तुती गात होते. इतके सर्वांना पाठ असते. पण सकाळी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला तेव्हा पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत आम्हाला फटके मारले आणि आता चोरून घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे तो म्हणाला. आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. ज्या गावातल्या लोकांना समाधानाविषयी लिहिले, त्याच गावात त्याने अन्यायाला ‘असू दे’ म्हटले नव्हते. सिस्टरांचा आवाज येथे थोडा चढला. वेतन कमी मिळते, वरिष्ठ अपमान करतो, घरात हात उगारला जातो, अशा ठिकाणी प्रार्थनेचा वापर झोपेच्या गोळीसारखा करू नका, असे त्यांनी आम्हाला बजावले.

त्या मंडळीची सुरुवातही नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांपासून झाली होती, आणि तिच्यातली पहिली विश्वासणारी लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी होती. समाधानाच्या त्याच चौथ्या अध्यायाच्या आरंभी युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांची नावे येतात; त्यांचे आपसात पटत नव्हते, आणि पौल त्यांना एकचित्त होण्याची विनंती करतो, पण त्यांनी सुवार्तेसाठी आपल्याबरोबर श्रम केले हेही आवर्जून लिहितो. मी हा अध्याय कितीदा तरी वाचला असेन. या दोघी मला पूर्वी दिसल्या नव्हत्या.

त्यानंतर चार तास मौन. निवासाच्या मागे माड, पोफळी आणि मिरवेलींचे छोटे कुळागर आहे, तेथे फिरायचे किंवा चॅपेलमध्ये बसायचे. पहिला तास माझा हात सारखा खिशाकडे जात होता. दुसऱ्या तासात मावसबहिणीच्या लग्नाची सगळी छायाचित्रे, जी मी पडद्यावर बोटाने सरकवत पाहिली होती, डोळ्यांपुढून एकेक करून गेली, आणि त्यांच्यातली एक मी तीनदा मोठी करून पाहिली होती हेही आठवले. मौन सुखद असते असे जे म्हणतात त्यांनी ते फार वेळ पाळले नसावे. सुरुवातीला ते फक्त आपल्याजवळ काय काय साठले आहे ते दाखवते. तिसऱ्या तासात पाऊस थांबला, पोफळीच्या झावळ्यांवरून पाणी ठिबकत होते, आणि मी प्रथमच त्या बहिणीसाठी, तिचे नाव घेऊन, प्रार्थना केली. त्यात फार भावना नव्हती. पण ती खोटी नव्हती.

मौनाला आधार म्हणून संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीचे आत्मपरीक्षण शिकवले गेले: दिवसभरात मिळालेल्या गोष्टींबद्दल आधी देवाचे आभार, मग पाहण्यासाठी प्रकाशाची याचना, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणे, चुकले तेथे क्षमा, आणि उद्यासाठी एक लहान निश्चय. सोळाव्या शतकातली ही रीत पंधरा मिनिटांत होते. आम्हाला एक साधी वही दिली होती, आणि तिच्यात काय मिळाले हे लिहिण्याऐवजी कोणाकडून मिळाले हे लिहायचे होते. हा छोटासा बदल मोठ्या विचाराने केलेला आहे. वस्तूंची यादी केली की ती दुसऱ्याच्या यादीशी ताडून पाहण्याचा मोह होतो. माणसांची यादी ताडता येत नाही. त्याच संतांचे आणखी एक मार्गदर्शन मी तेव्हापासून जपले आहे: मन उदास आणि कोरडे असताना पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. मे महिन्यातल्या त्या रात्री मी नोकरी सोडून वसईला परतण्याचा अर्ज लिहून ठेवला होता.

भाषेविषयी थोडे सांगायला हवे. सत्रे इंग्रजीत आणि कोंकणीत झाली. मराठी बोलणाऱ्या आम्ही सहाजणी होतो, काही वसईच्या, काही अहिल्यानगर आणि कोल्हापूरकडच्या, सर्व नोकरीनिमित्त गोव्यात आलेल्या. गटचर्चेसाठी आमचा वेगळा मराठी गट केला ही चांगली गोष्ट झाली, पण छापील प्रार्थना आणि वाचने मराठीत नव्हती. आम्ही ती एकमेकींना उलगडून सांगत होतो. कोंकणी कळते, तिच्याविषयी आपुलकीही आहे, परंतु माणूस स्वतःची चूक कबूल करतो ती आईच्या भाषेत. आणि गोव्याच्या ख्रिस्ती परंपरेत मराठी परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे क्रिस्तपुराण, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे, १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मी राहते त्या मडगावहून राशोल जवळ आहे. सासष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांना कळावे म्हणून ज्या मातीत मराठी ओवी रचली गेली, तेथे चार पानांची मराठी प्रार्थनापत्रिका अशक्य नसावी. आयोजकांनी पुढच्या वेळी ती काढण्याचे मान्य केले असून अनुवादाचे काम आम्हा सहाजणींवर सोपवले आहे.

शनिवारच्या दुपारचे सत्र मात्र कमकुवत होते, आणि ते तसे का वाटले हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी विवाह या विषयावर व्याख्यान दिले. त्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण त्यांच्या सगळ्या बोलण्याचा रोख असा होता की मुलीने धीर धरावा, मन शांत ठेवावे, म्हणजे योग्य वेळी योग्य जोडीदार मिळतो. यात समाधान ही एक प्रकारची अनामत रक्कम झाली. आज भरायची आणि उद्या नवऱ्याच्या रूपाने परत घ्यायची. सकाळी सिस्टरांनी जे उभे केले होते ते दुपारी या एका विचाराने खाली बसले. पौल अविवाहित होता, लुदियेच्या नवऱ्याचा त्या अध्यायात उल्लेखही नाही, हे कोणी तरी म्हणायला हवे होते. आमच्यात दोघी विवाहित होत्या, एक लहान वयात विधवा झालेली होती, आणि एक धर्मभगिनी होण्याचा विचार करत होती; त्या व्याख्यानात त्यांच्यापैकी कोणालाच जागा नव्हती. विधवा मैत्रीण मध्येच उठून कुळागरात गेली. मी तिच्या मागे गेले, आणि उरलेले व्याख्यान मी ऐकलेले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

संध्याकाळी आराधना होती आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी पापनिवेदन. घाई नव्हती, रांगेत ढकलले जात नव्हते, आणि दोन धर्मगुरूंपैकी एकांना मराठी येत होती. त्याविषयी अधिक लिहिणार नाही. रात्री मौन सुटल्यावर ओसरीवर आम्ही बऱ्याच वेळ बोलत बसलो. बाणावलीची एक मुलगी सांगत होती की तिचे दोन्ही भाऊ पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडला स्विंडनला गेले, तीही ते नागरिकत्व घेऊन युरोपात जाऊ शकते, कारण तिचे आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले. पण आई एकटी आहे म्हणून तिने राहायचे ठरवले, आणि आता रोज कोणी ना कोणी तिला वेडी ठरवते. आमची वसई पोर्तुगिजांच्या हातून १७३९ मध्येच गेली, त्यामुळे असा दरवाजा आमच्यापुढे कधी उघडलाच नाही, आणि न उघडलेल्या दरवाजाचे दुःखही नाही. तिचे तसे नव्हते. तिचा दरवाजा उघडा होता आणि ती रोज सकाळी उठून पुन्हा आत राहायचे ठरवत होती. त्या तीन दिवसांत मी पाहिलेले सर्वांत खरे समाधान तिच्यापाशी होते, आणि त्यात दुःख मिसळलेले होते.

रविवारी मिस्सेनंतर आम्हाला जुन्या गोव्यातील सांता मोनिका या कॉन्व्हेंटमध्ये नेले. १६०६ मध्ये स्थापन झालेला हा भगिनींचा मठ. १६२७ मध्ये इमारत पूर्ण झाली, आणि आता तेथे धर्मभगिनींसाठी मातेर देई ही शिक्षणसंस्था आणि ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. येथे आयुष्यभर उंबरठा न ओलांडता राहिलेल्या स्त्रियांपैकी काहीजणी मनापासून आल्या असतील, काहीजणींना घरच्यांनी आणून ठेवले असेल; भिंती दोघींना सारख्याच होत्या. त्या जाड भिंतींना हात लावताना ‘समाधान मानलेली’ आणि ‘समाधान शिकलेली’ या दोघी बाहेरून किती सारख्या दिसत असतील, हा विचार माझ्या मनात आला. भेटीला जेमतेम पाऊण तास दिला होता, तो अपुरा आहे. शनिवारचे दुपारचे व्याख्यान काढून तो वेळ येथे द्यावा, असे मी पत्रात सुचवले आहे.

आता अडीच महिन्यांनंतरचे. जुलैच्या अखेरीस आमच्या विभागात एक कायम पद निघाले आणि ते माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या सहकाऱ्याला मिळाले. पूर्वी मी अशा वेळी दोन गोष्टी केल्या असत्या: सर्वांसमोर हसून अभिनंदन, आणि घरी येऊन समाधान मानण्याचा प्रयत्न. या वेळी मी त्याचे अभिनंदन केले, रात्री वहीत पंधरा मिनिटे बसले, आणि तीन दिवसांनी, मन निवल्यावर, निवडीचे निकष कळावेत असा लेखी अर्ज मनुष्यबळ विभागाला दिला. उत्तर अजून आलेले नाही. वाट पाहताना मला राग येतो, पण तो राग मला खात नाही, आणि कामात माझे लक्ष आहे. हा बदल कसा झाला हे मी टप्प्याटप्प्याने सांगू शकणार नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाच्या दारात उभा राहिलेला पौल मला त्या आठवड्यात अनेकदा दिसला, एवढे खरे.

आत्मपरीक्षणाची वही मी रोज लिहीत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस होते. मत्सर संपलेला नाही. तो येतो तेव्हा मी त्याला ओळखते, आणि ज्या व्यक्तीविषयी तो वाटतो तिचे नाव वहीत त्या दिवशी लिहिते. साधनेनंतर आयोजकांनी व्हॉट्सॲपवर काढलेला गट मात्र पहिल्या महिन्यातच रोज वीस-वीस शुभसंदेशांनी भरू लागला. ज्यांनी आमच्याकडून फोन काढून घेऊन इतके काही दिले, त्यांच्याच नावाने फोन पुन्हा दर दहा मिनिटांनी वाजू लागला हे दुर्दैवी होते. आता तेथे फक्त सूचना येतात. त्याऐवजी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मडगावात आम्ही आठ-नऊजणी दोन तास भेटतो, आणि ती भेट मी सहसा चुकवत नाही.

ज्यांना विश्रांती हवी आहे, निसर्गात दोन दिवस घालवायचे आहेत, त्यांनी ही साधना निवडू नये. वेळापत्रक भरगच्च आहे आणि मौन सोपे नाही. ज्यांच्या मनावर खोल नैराश्याचा भार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. तसे सिस्टरही पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या आणि एका मुलीशी त्या याविषयी स्वतंत्रपणे बोलल्याही. अविवाहित, विवाहित, घर सोडून परगावी राहणाऱ्या, नोकरीत अडकलेल्या, देवावर विश्वास आहे पण स्वतःवर चिडलेल्या अशा मुलींनी जरूर जावे. वाचनाची सवय असेल तर फिलिप्पैकरांस पत्राचे चारही अध्याय आधी एका बैठकीत वाचून जावे. तेवढ्याला अर्धा तासही लागत नाही.

पुढची साधना आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाच्या, आधी, नोव्हेंबरमध्ये आहे. विवाहाच्या सत्राऐवजी या वेळी सहभागी स्त्रियांपैकीच तिघी बोलणार आहेत, त्यांत माझी ती विधवा मैत्रीण आहे. मावसबहीण लग्नानंतर म्हापशाला राहायला आली आहे. तिने माझ्याकडून हे सगळे ऐकल्यावर स्वतःचे नाव नोंदवले आणि माझे काय असे विचारले, म्हणून आम्ही दोघींनी एकच खोली मागितली आहे. मच्छरदाणी आपापली न्यायची असे तिला सांगून ठेवले आहे.